आईबाबांची नजर, कान, नाक, पाय: विचारून कळत नाही, मग ओळखायचं कसं?

आईला फोनवर विचारा, डोळे कसे आहेत गं, ती म्हणणार मला काय धाड भरलीय. बाबांना विचारा, ऐकू येतं ना नीट, ते म्हणणार तुम्ही लोकच हल्ली पुटपुटता. आणि दोघंही खोटं बोलत नसतात बरं का. नजर, कान, वास, चव, तळपायाची जाण हे सगळं दहा-पंधरा वर्षं घेत इतकं सावकाश कमी होतं की ज्याचं कमी होतंय त्याला कालच्यापेक्षा आज काही वेगळं वाटतच नाही. त्यात माणूस हुशार असतो, जे जमेनासं होतं ते गुपचूप सोडून देतो किंवा दुसऱ्या पद्धतीने करायला लागतो आणि त्याला पटेल असं कारणही देतो. 'भजनाला नाही जात आता, कंटाळा येतो.' 'पेपरात असतं काय हल्ली.' 'अंधार पडल्यावर बाहेर जायचंच कशाला.'

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तक्रार शोधत बसू नका, सोडलेली कामं शोधा. तक्रार येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो, सोडलेलं काम मात्र दोन-तीन वर्षं आधीच दिसतं, फक्त बघणारा पाहिजे. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा: आधी बघणं, मग घरच्या घरी छोट्या तपासण्या, मग डॉक्टर, आणि घरातले बदल जिथल्या तिथे.

१. पहिले दोन-तीन दिवस नुसतं बघा

गणपतीला, दिवाळीला, मे महिन्यात घरी जाताच ना, तेव्हाच हे करायचं. पोचल्या पोचल्या 'चल डॉक्टरकडे' नको. पहिला दिवस तर धरूच नका, तुम्ही आलात म्हणून आई दुप्पट उत्साहात असते. मोबाईलमध्ये एक नोट उघडा आणि त्यात 'पूर्वी करायचे, आता नाही' एवढ्याच मथळ्याखाली लिहीत जा.

तांदूळ-डाळ निवडायचं काम आता कोण करतं? सुईत दोरा ओवायला कुणाला हाक मारली जाते? भाजीवालीला पैसे देताना पाकीटच पुढे करून 'तूच घे बाई यातले' असं चालतं का? व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक टाइप करणारे बाबा आता फक्त व्हॉइस मेसेज टाकतात का? दुधाची पातेली उलटी करून बघा, तळ किती काळे झालेत. फ्रीजमधली आमटी हुंगून बघा. आईने धुतलेल्या ताटाला हात लावा, तेलकट लागतंय का. टीव्हीचा आवाज किती आकड्यावर आहे तो आकडा लिहून ठेवा, 'मोठा आहे' असं नको, आकडाच लिहा, पुढच्या खेपेला उपयोगी पडतो. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पाय चाचपडतो का तेही बघा.

आमच्या आईने दारातली ठिपक्यांची रांगोळी बंद करून छापे आणले तेव्हा कारण गुडघ्याचं दिलं. गुडघे दुखत होतेच, पण डोळ्यात मोतीबिंदूही होता. दोन्ही खरं असू शकतं, म्हणून दिलेलं कारण खोडून काढायला जाऊ नका, नुसतं लिहून ठेवा.

आणि हो, कामाला येणाऱ्या मावशींशी बोला. त्या रोज घरात असतात, त्यांना सगळं माहीत असतं. शेजारच्या काकू, किराणावाले काका, नेहमीचा रिक्षावाला, हे पण. फक्त सीआयडीसारखी चौकशी नको, 'आईकडे जरा लक्ष असू द्या हं' एवढं म्हटलं की पुढचं त्या स्वतःच सांगतात.

२. कान: आवाज येतो, शब्द येत नाहीत

इथे जरा जास्त थांबते कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात.

वय झाल्यावर सगळा आवाज सारखाच बारीक होतो असं आपल्याला वाटतं, तसं होत नाही. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केस असलेल्या पेशी असतात, आणि त्यातल्या वरच्या पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी आधी झिजतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि ठणठणीत, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, त, थ, क ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि हलकी, ती गळतात. म्हणून बाबा म्हणतात 'आवाज येतोय पण काय बोलतेस ते कळत नाही', ते अगदी शब्दशः खरं असतं. 'दहा' की 'सहा', 'साठ' की 'आठ' असा घोळ होतो, म्हणजे औषधाच्या वेळा, एसटीची वेळ, पैशाचे आकडे तोंडी सांगितले की हमखास चुकणार. साध्या फोन कॉलवर तर हे अजून वाढतं, कारण जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो आणि 'स', 'श' चा बराचसा भाग त्याच्या वर असतो. व्हिडिओ कॉल केला तर ओठ दिसतात, आवाजही बरा जातो. परदेशातून फोन करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. आकडे मात्र मेसेजमध्ये लिहूनच पाठवा.

आणि ओरडून उपयोग नाही, उलट त्रासच. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही पण मोठा आवाज एकदम अंगावर येतो, सहन होत नाही. 'ओरडू नकोस, मी काय बहिरा आहे का' हा राग त्यातूनच येतो.

घरी काय करून बघायचं? डिजिटल थर्मामीटरची बीप त्यांना ऐकू येते का बघा, मायक्रोवेव्हची पण. मग कुजबुज चाचणी, डॉक्टरही ही करतात. पंखा-टीव्ही बंद करा. त्यांच्या मागे हातभर अंतरावर, साधारण २ फुटांवर उभे राहा म्हणजे ओठ दिसणार नाहीत. ज्या कानाची चाचणी नाही त्या कानाच्या भोकापुढचा छोटा मऊ उंचवटा त्यांनाच बोटाने दाबून हळूहळू चोळत राहायला सांगा. तुम्ही श्वास पूर्ण सोडा आणि मग कुजबुजत तीन गोष्टी सांगा, आकडा-अक्षर-आकडा, जसं '४, क, २'. चुकलं तर वेगळे तीन घेऊन परत एकदा. दोन्ही वेळचे मिळून ६ पैकी ३ सुद्धा बरोबर आले नाहीत तर त्या कानाची नीट तपासणी हवी. दुसऱ्या कानाला वेगळी अक्षरं घ्या, आधीचीच घेतली तर पाठ झालेली असतात.

पुढे कान-नाक-घसा डॉक्टर. सगळ्यात आधी ते मळ बघतील. वय वाढलं की कानातला मळ कोरडा होतो आणि आपोआप बाहेर यायचा तो आतच साचतो, त्यामुळे काही जणांचा निम्मा प्रश्न तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या सुटतो. घरी गरम तेल ओतणं, हेअरपिन, काडीला कापूस, यातलं काही नको. मळ नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवरची ऐकण्याची तपासणी. तो कागद बघायला घाबरू नका: डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढत जाते, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, आणि वरून खाली किती मोठा आवाज लागला ते डेसिबलमध्ये. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. वयामुळे गेलेल्या कानाची रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत २० डेसिबलच्या आत म्हणजे ठीक, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, त्यापुढे जास्त. मध्यममध्ये आलात की श्रवणयंत्राचा विषय गंभीरपणे घ्यायचा, आणि दोन्ही कान गेले असतील तर दोन्हीला.

यंत्र 'घेतलं आणि कपाटात पडलं' हे घरोघरी झालेलं असतं. कारण बहुतेकदा हेच, की यंत्र लावून पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये नेलं. मेंदूला ते आवाज कित्येक वर्षांनी परत ऐकू येतात, त्याला ओळख पटायला आठवडे, कधी महिने लागतात. सुरुवातीला घरात, शांत वेळी, दिवसातले दोन-तीन तास, समोर एकच माणूस. मग हळूहळू वाढवा. आणि ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, सेटिंग बदलायला दोन-चार वेळा तरी जावं लागतं, ते आधीच गृहीत धरा. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं 'आवाज मोठा करणारं' मशीन सगळंच मोठं करतं, मिक्सर पण आणि भांडी पण, त्यापेक्षा न घेतलेलं बरं. बोटांना जाण कमी असेल किंवा नजर अधू असेल तर शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या बदलणं जमणार नाही, चार्जिंगचं यंत्र घ्या. कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात घामाने-दमटपणाने यंत्र बिघडतं, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायची सवय लावा.

बोलताना: आधी नावाने किंवा 'आई' अशी हाक, तिने बघितलं की मग वाक्य. तोंडावर उजेड असू दे. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. कळलं नाही तर तेच वाक्य तसंच तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. आणि 'जाऊ दे, काही नाही' हे तर कधीच म्हणू नका, त्याने माणूस फार दुखावतो.

३. डोळे: नंबर नाही, उजेड बघा

चष्म्याचा नंबर हा भाग सगळ्यांना कळतो, तो सोडून देते. न कळणारा भाग उजेडाचा आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्यात मागच्या पडद्यापर्यंत (रेटिना) पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होतं. म्हणजे तुम्हाला जो स्वयंपाकघरातला ट्यूबलाइट पुरेसा वाटतो तो आईला संध्याकाळ झाल्यासारखा वाटत असणार. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायलाही वेळ लागतो, आणि समोरून गाडीचा लाइट आला की चांगलंच दिपतं, म्हणून बाबा रात्री स्कूटर काढत नाहीत. काढत नाहीत ते चांगलंच आहे, पण कारण तपासा.

बघायच्या खुणा: पेपरातले फक्त मथळे वाचणं. निळं आणि हिरवं, काळं आणि नेव्ही ब्लू यात गोंधळ. चहा कपाबाहेर ओतला जाणं. दाराच्या चौकटीला, टेबलाच्या कोपऱ्याला एकाच बाजूने सारखं आपटणं, ही खूण मी काचबिंदूसाठी फार महत्त्वाची धरते, कारण काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, मधली शाबूत असते, दुखत नाही, आणि अक्षर वाचायच्या तक्त्यावर माणूस पास होतो. गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे डोळ्याचा दाब आणि आतली नस बघायला सांगा. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर तुम्ही स्वतःही.

अजून एक फसवी खूण. 'बघ, मला आता चष्म्याशिवाय वाचता येतंय!' असं आई खुशीत सांगायला लागली तर आनंद मानू नका, मोतीबिंदूत भिंग घट्ट होतं तेव्हा जवळचा नंबर काही दिवस आपोआप कमी होतो. मोतीबिंदू 'पिकल्यावर' काढायचा ही जुनी गोष्ट झाली. आता रोजच्या कामाला अडायला लागलं की काढतात, फार पिकवला तर ऑपरेशन उलट अवघड होतं. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत हे मोफत होतं.

घरच्या तपासणीत एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे किंवा फरशीच्या रेघांकडे बघायला सांगा, मग दुसरा झाकून. एका डोळ्याने रेघ मध्येच वाकडी, नागमोडी दिसत असेल किंवा मधोमध डाग दिसत असेल तर पडद्याच्या मधल्या भागाचा प्रश्न, आठवड्याच्या आत डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे उघडे असले की एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, म्हणून झाकणं महत्त्वाचं. डायबेटीस असेल तर दरवर्षी थेंब घालून पडदा तपासायचाच, साखर कंट्रोलमध्ये असली तरी.

घरात: ओट्यावर, जिन्यावर, औषधं घेतात तिथे जास्त उजेड, पण डोळ्यात सरळ न येणारा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचे छोटे दिवे. पायऱ्यांच्या कडेला गडद रंगाची पट्टी. पांढऱ्या ताटात पांढरा भात, पांढऱ्या भिंतीवर पांढरा स्विच, पांढऱ्या टॉयलेटमागे पांढऱ्या टाइल्स, हे सगळं त्यांच्यासाठी एकमेकांत मिसळून जातं, तिथे रंग आणा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून जिना उतरताना खालच्या, जवळच्या नंबरातून पायरी बघितली जाते आणि ती धूसर दिसते, म्हणून चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा असलेला चांगला.

४. नाक आणि जीभ, म्हणजेच मीठ आणि गॅस

वास जातो हे कुणाच्याच लक्षात येत नाही, ज्याचा गेला त्याच्या तर मुळीच नाही. ऐंशीच्या पुढे निम्म्याहून जास्त लोकांची वासाची जाण कमी झालेली असते. आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो, त्यामुळे 'हल्लीच्या भाज्यांना चवच नाही' हे वाक्य मी नोटमध्ये नाकाच्या खात्यात लिहिते.

आईची आमटी हळूहळू खारट होत गेली, चहा गोड होत गेला तर ही त्याचीच खूण. ज्या बाईने चाळीस वर्षं अंदाजाने मीठ घातलंय तिला 'खारट झालंय' असं जेवताना चारचौघांत सांगू नका. मिठाच्या डब्यात एक मोजमापाचा चमचा ठेवा आणि तुम्ही स्वतः एक-दोनदा स्वयंपाक करून किती माणसांना किती चमचा ते तिच्याशी बोलून ठरवा. दिवसाला सगळं मिळून माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, लोणचं-पापड-फरसाण धरून. बीपी असेल तर हा नुसता चवीचा मामला राहत नाही. चव वाढवायची तर लिंबू, आमसूल, कोथिंबीर, आलं, जिऱ्याची फोडणी वाढवा.

घरची तपासणी सोपी आहे: डोळे मिटायला सांगून कॉफी, हिंग, लवंग, अंगाचा साबण एकेक करून एकेका नाकपुडीखाली धरा. विक्स किंवा अमृतांजन घेऊ नका, त्याचा झणका दुसऱ्याच नसेने कळतो, वास गेलेल्यालाही कळतो, आणि मग सगळ्यांना वाटतं नाक छान आहे.

वास नाही तर कारण शोधायचं: सर्दी-सायनस, नाकातले कोंब, कोविडनंतरचं, तंबाखू. चवीसाठी औषधंही बघा, डायबेटीसच्या मेटफॉर्मिन गोळीने तोंडात धातूसारखी चव येऊ शकते, काही बीपीच्या गोळ्यांनीही चव बदलते, कवळी टाळू झाकते, तोंड कोरडं पडतं. पार्किन्सन्स आणि अल्झायमरमध्ये वास बराच आधी जातो, पण वास गेला म्हणजे तेच झालंय असं मुळीच नाही, डॉक्टरांना सांगा आणि शांत राहा. वासाचा सराव म्हणून एक साधी पद्धत आहे, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी वीसेक सेकंद हुंगायचे, काही महिने. काहींना फरक पडतो आणि खर्च शून्य.

आता गॅस. सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, म्हणजे आपली सगळी सुरक्षा आईच्या नाकावर उभी आहे. नाक कमी झालं असेल तर गॅस डिटेक्टर बसवाच. बसवतानाची गोम अशी की सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून डिटेक्टर खाली, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर. पुण्या-मुंबईत पाइपचा गॅस असेल तर तो हलका, वर जातो, तिथे डिटेक्टर छताजवळ. उलटा बसवला तर नुसती भिंतीची शोभा. डिटेक्टरचा आवाज आईच्या कानाला ऐकू येतो का तेही बसवल्या दिवशीच बघा, नाहीतर नाकाचं काम कानाला दिलं आणि कानही गेलेला. सुरक्षा पाइपची मुदत ५ वर्षं असते, त्यावर छापलेली तारीख बघा. फ्लेम फेल्युअर असलेली शेगडी मिळते, ज्योत विझली की गॅस बंद होतो, पुढची शेगडी घ्याल तेव्हा ती घ्या. गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो, फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिकटवा, आणि सोबत लिहा: रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण लावू नका आणि बंदही करू नका.

फ्रीजमधल्या डब्यांवर तारखेची पट्टी लावायची सवय लावा, शिळं हुंगून ओळखण्याचे दिवस गेले समजा.

५. तळपाय आणि तोल

चप्पल पायातून निघाली आणि कळलंच नाही, मागून कुणी हाक मारून सांगितलं, असं झालंय का विचारा. डायबेटीसवाल्यांमध्ये ही फार जुनी आणि पक्की खूण आहे. दुसरी खूण, बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, एक हात बेसिनला धरलेला असतो. कारण तळपायाकडून मेंदूला येणारी खबर कमी झालेली असते आणि डोळे तेवढे भरून काढत असतात, डोळे मिटले की उघडं पडतं. अंधारात पडणं वाढतं तेही त्यामुळेच.

घरी करायची तपासणी: त्यांना झोपवा, डोळे मिटायला सांगा, आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या तर्जनीने अगदी हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा, दाबायचं नाही, टोचायचं नाही. जाणवलं की 'उजवा', 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहेत असं समजून डॉक्टरांकडे जा. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासा, विशेषतः शाकाहारी घरात, आणि मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर नक्कीच, कारण ही कमतरता भरून काढता येते.

तोलासाठी खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते मोजा. १२ किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका जास्त. तुम्ही शेजारीच चाला, धरू नका पण पकडता येईल एवढ्या अंतरावर.

जाण नसलेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी, शेगडीचा शेक, दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, यातून भाजतं आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावरच कळतं. आंघोळीचं पाणी कोपराने किंवा दुसऱ्याने बघायचं. गीझरचं तापमान कमी करून ठेवा, ५० अंशांच्या आत. रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, आणि टॉवेल अडकवायची नळी ही दांडी नव्हे, ती माणसाचं वजन घेत नाही.

६. तहान

थोडक्यात: तहान लागण्याची जाणही वयाबरोबर कमी होते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात 'तहान नाही' हे ऐकून गप्प बसू नका. सकाळी तांब्या भरून ठेवा आणि संध्याकाळी किती उरला ते बघा, ताक-पन्हं-सरबत धरून. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी ते डॉक्टरांनाच विचारा.

७. हे दिसलं तर सुट्टी संपायची वाट बघू नका

एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत एकदम गेलं तर मळ असेल म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर, कारण उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतो. डोळ्यापुढे अचानक पडदा आल्यासारखं, विजा चमकल्यासारखं, काळे ठिपके एकदम वाढलेले. डोळा लाल, प्रचंड दुखतोय, दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतंय आणि उलट्या. एका डोळ्याची नजर पाच मिनिटं जाऊन परत आली तरीसुद्धा, ती मेंदूच्या झटक्याची आगाऊ सूचना असू शकते. पायावर दुखत नसलेली जखम, हीसुद्धा, किंबहुना दुखत नाही म्हणूनच.

८. 'विसरायला लागलेत' म्हणण्याआधी

तीनदा सांगितलं तरी लक्षात नाही, बोलण्यात भाग घेत नाहीत, भलतंच उत्तर देतात, लोकांत जायचं टाळतात. घरचे लगेच म्हणतात विसर पडायला लागला. पण जे ऐकूच गेलं नाही ते लक्षात राहणार कसं? म्हणून स्मरणशक्तीच्या तपासणीला जाण्याआधी कानातला मळ, ऐकणं आणि नजर तपासून घ्या, आणि तपासणीच्या वेळी चष्मा-यंत्र लावलेलं असू द्या. उलट बाजूही आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या डिमेन्शियावरच्या (स्मृतिभ्रंश) अहवालात त्याचा धोका वाढवणारी पण बदलता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात ऐकू कमी येणं आणि उपचार न केलेली अधू नजर दोन्ही आहेत. त्यामुळे 'या वयात यंत्र कशाला' याला माझं उत्तर 'याच वयात' असं आहे.

९. विषय काढायचा कसा, जायचं कुठे

सुनेसमोर, जावयासमोर, पाहुण्यांसमोर काढायचा नाही. 'तुला ऐकू येत नाही' हे वाक्य वापरायचं नाही, त्यावर उत्तर 'येतं' एवढंच मिळतं. तुमच्या नोटमधली सोडलेली कामं इथे कामाला येतात. 'बाबा, तुम्ही भजनाला परत जावं असं मला वाटतं, तिथलं बोलणं नीट कळत नाही म्हणून बंद केलंत का?' असं विचारलं की बरेचदा थोडा वेळ शांतता आणि मग 'हो, पेटी सुरू झाली की काही समजत नाही' असं येतं. 'मला माझा नंबर काढायचाय, तू पण चल' हेही चालतं. एका दिवसात चार डॉक्टर करू नका, जे त्यांना सगळ्यात जास्त अडतंय त्याने सुरुवात करा, एक गोष्ट सुधारली की पुढचीला ते स्वतः तयार होतात.

जाताना सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घ्या, पूर्वी टीबीची इंजेक्शनं झाली असतील तर तेही सांगा, त्यातल्या काहींनी कान जातो. जिल्हा रुग्णालयात कान आणि डोळे दोन्ही होतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवणतपासणी आणि यंत्राचं काम होतं. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, साठीच्या पुढच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना यंत्र, चष्मा, कवळी, काठी शिबिरातून मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर अशा वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात येतात. माहिती हवी असेल किंवा गावी आईबाबा एकटे असतील आणि अडचण असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा नंबर मोफत आहे.

ऑडिओमेट्रीचा कागद, चष्म्याचा नंबर, डोळ्याच्या दाबाचा आकडा, बी-१२ चा रिपोर्ट, आणि तुम्ही लिहिलेला टीव्हीचा व्हॉल्यूम, सगळ्याचा फोटो तारखेसकट भावंडांच्या ग्रुपवर टाका. डोळे दरवर्षी, कान दर एक-दोन वर्षांनी, पायाच्या बोटांची ती चाचणी तुम्ही जाल तेव्हा प्रत्येक वेळी. पुढच्या खेपेला कुणी का जाईना, आधीच्या आकड्यांशी ताडून बघेल.